बिघाड नेमका कोठे?

नेहमीच्या वापरातील एखादी वस्तू एकाएकी चालेनाशी झाली, म्हणजे पुष्कळ माणसे प्रथम ती हलवून पाहतात, मग आपटून पाहतात, आणि तरीही ती चालली नाही, तर 'बिघडली' असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल अनेकदा चुकीचा असतो. कंदील पेटत नाही म्हणून तो अडगळीत टाकणाऱ्याने आत तेल आहे की नाही, हे पाहिलेलेच नसते. विहिरीवरचा पंप पाणी ओढीत नाही म्हणून पंपाला बोल लावणाऱ्याला, विहिरीतील पाणी नळीच्या तोंडाखाली गेले आहे, याची वार्ताही नसते. कुशल वैद्य मात्र रोगी दिसताच औषधाची पुडी बांधीत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, दुखणे केव्हापासून आहे ते विचारतो, आणि मगच रोगाचे नाव घेतो. यंत्राचा बिघाड शोधतानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

लॅपटॉप हे आज शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि अनेक घरांत दिसणारे यंत्र आहे. त्याला अंगचाच कळफलक असतो, आणि पडद्यावरील बाण फिरविण्यासाठी टचपॅड नावाची एक चौकोनी पट्टीही असते. तथापि बराच वेळ लेखन किंवा चित्रकाम करावयाचे असले, म्हणजे या लहान साधनांवर हात अवघडतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी लॅपटॉपला बाहेरून एक मोठा कळफलक आणि एक माउस जोडतात. ही दोन्ही साधने महिनोन् महिने मुकाट्याने काम करतात. आणि एखाद्या सकाळी कळ दाबूनही पडद्यावर अक्षर उमटत नाही, माउस सरकवूनही बाण जागचा हलत नाही. मग वर्गात पहिला प्रश्न निघतो, तो 'काय झाले असावे?' हा नव्हे, तर 'काल यावर कोण बसले होते?' हा! ज्याचे नाव पुढे येते, त्याच्यावर आळ येतो. माउस कचऱ्यात जातो, मुलावर ठपका बसतो, आणि कित्येकदा माउस व मुलगा दोघेही निर्दोष असतात.

असा अन्याय टाळावयाचा असेल, तर ही साधने आपला निरोप लॅपटॉपपर्यंत कशी पोहोचवितात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

कळफलक हा जुन्या टंकलेखन यंत्राचा वंशज होय. माउस त्या मानाने तरुण आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस तयार केला. त्याचे अंग लाकडाचे होते आणि पोटाखाली एकमेकांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजी, दुसरे उभी हालचाल मोजी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी तो मोठ्या सभेपुढे चालवून दाखविला. आजच्या माउसला चाके नसतात. त्याच्या पोटाखाली एक लहान दिवा व एक लहान कॅमेरा असतो. हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची चित्रे सेकंदाला हजारोंच्या संख्येने घेतो, आणि एका चित्रापेक्षा दुसरे किती सरकले आहे, यावरून माउस कोणीकडे गेला ते ओळखतो.

ही साधने संगणकाला जोडण्याची रीतही पूर्वी निराळी होती. कळफलकाचे पोर्ट वेगळे, माउसचे वेगळे, प्रिंटरचे त्याहून वेगळे, असा प्रकार असे. कळफलकाची पिन चुकून माउसच्या पोर्टात बसविली, तर काम होत नसे. संगणक चालू असताना जोडलेला माउस बहुधा ओळखलाही जात नसे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. हा घोळ मिटविण्यासाठी सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी नावाच्या जोडणीचे नियम प्रसिद्ध झाले. या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट या अभियंत्याचा मोठा वाटा होता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. सर्व साधनांना एकच प्रकारचे पोर्ट आणि एकच भाषा असावी, हे या योजनेचे सार आहे.

यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात. दोन तारांतून ५ व्होल्ट दाबाची वीज लॅपटॉपकडून साधनाकडे जाते. उरलेल्या दोन तारांतून निरोपांची ने-आण होते. नेहमीच्या चपट्या पिनेत नीट डोकावून पाहिले, तर चार धातूच्या पट्ट्या दिसतात. त्यांपैकी कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोहोंपेक्षा किंचित लांब असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या आहेत. पिन आत सरकविताना आधी वीज पोहोचावी आणि मग संभाषण सुरू व्हावे, अशी ही योजना आहे.

पिन बसताच लॅपटॉपला कोणीतरी आल्याची चाहूल लागते. 'तू कोण?' असा प्रश्न तो विचारतो. साधन 'मी माउस आहे' किंवा 'मी कळफलक आहे' असे उत्तर देते. लॅपटॉप त्याला एक क्रमांक देतो आणि त्याची भाषा जाणणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. यानंतर एखाद्या शिक्षकाने हजेरी घ्यावी, तसा लॅपटॉप साधनाला पुनःपुन्हा विचारीत राहतो. साध्या माउसला तो सेकंदाला सुमारे १२५ वेळा 'काही सांगावयाचे आहे काय?' असे विचारतो. माउस आपण होऊन कधी बोलत नाही. विचारले म्हणजेच सांगतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कळफलक अक्षर पाठवीत नाही. तो कळेचा क्रमांक पाठवितो. इंग्रजी 'ए' अक्षराची कळ दाबली, म्हणजे तो ४ हा आकडा सांगतो. 'जे'ची कळ दाबली, म्हणजे १३ हा आकडा सांगतो. त्या आकड्याचे अक्षर करण्याचे काम लॅपटॉपच्या आत होते.

आता या प्रवासातील दुवे क्रमाने मांडून पाहू. पहिला दुवा कळ; दुसरा कळफलकाच्या आतील चिप; तिसरा केबल; चौथा पिन; पाचवा लॅपटॉपचे पोर्ट; सहावा ड्रायव्हर; सातवा लॅपटॉपच्या सेटिंग्ज; आणि आठवा त्या वेळी काम करीत असलेला प्रोग्रॅम. साखळीचा कोणताही एक दुवा तुटला, तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो. तो म्हणजे अक्षर उमटत नाही. म्हणूनच नुसत्या लक्षणावरून दोषाचे स्थान सांगता येत नाही. ते शोधावे लागते.

शोधावयाचे कसे? शेतकऱ्याला ही रीत फार पूर्वीपासून माहीत आहे. विहिरीतून सोडलेले पाणी पाटाने शेताच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, असे दिसले, तर तो सगळा पाट खणून काढीत नाही. तो पाटाच्या मध्यावर जाऊन उभा राहतो. तेथे पाणी वाहत असेल, तर पाट खालच्या अंगाला फुटला आहे; तेथेही पाणी नसेल, तर वरच्या अंगाला. एका पाहणीत निम्मा पाट संशयातून सुटतो. मग उरलेल्या निम्म्याच्या मध्यावर जावयाचे. आठ दुव्यांची साखळी असेल, तर अशा रीतीने तीन प्रश्नांत दोष एका दुव्यापाशी येऊन ठेपतो.

या साखळीचा मध्य कोठे येतो? चौथ्या आणि पाचव्या दुव्यांमध्ये, म्हणजे जेथे पिन पोर्टाला मिळते तेथे. दैवयोगाने हा सांधा हातानेच सोडविता येतो. म्हणून पहिली परीक्षा अदलाबदलीची. न चालणारा कळफलक दुसऱ्या एखाद्या चांगल्या संगणकाला लावून पाहावा. तेथे तो चालला, तर कळ, चिप, केबल आणि पिन हे चारही दुवे निर्दोष ठरतात, आणि संशय लॅपटॉपच्या बाजूला जातो. तेथेही तो मुकाच राहिला, तर दोष कळफलकाच्या बाजूला आहे, असे मानावयास बळकट आधार मिळतो. दुसरा संगणक जवळ नसेल, तर उलट परीक्षा करावी. त्याच पोर्टाला चालू असल्याची खात्री असलेले दुसरे साधन जोडावे. ते चालले, तर पोर्ट निर्दोष ठरते. ते चालले नाही, तर दोन्ही साधने लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टाला लावून पाहावीत.

तथापि या परीक्षेपूर्वीही डोळ्यांनी करावयाची थोडी कामे असतात. पिन पुरती आत बसली आहे काय? पोर्टात धूळ किंवा कागदाचा कपटा अडकला आहे काय? केबल टेबलाच्या पायाखाली चेंगरली आहे काय? मध्ये एखादा हब आहे काय? एका पोर्टाची अनेक पोर्टे करणाऱ्या डबीला हब म्हणतात. तोही साखळीतील एक दुवाच होय. नव्या लॅपटॉपांना काही वेळा फक्त लहान, लंबगोल पोर्टे असतात आणि जुनी पिन बसविण्यासाठी मध्ये एक जोड लावावा लागतो. हब आणि जोड शक्य असेल तेथे काढून साधन थेट लॅपटॉपला लावून पाहावे. साखळीतील दुवे जितके कमी, तितका शोध सोपा.

दिव्यांची साक्षही उपयोगी पडते. मात्र साक्षीदार काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजले पाहिजे. माउसच्या पोटाखालचा तांबडा दिवा पेटलेला असेल, तर त्याचा अर्थ वीज पोहोचते आहे एवढाच. निरोपांच्या तारा शाबूत आहेत, असे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट, दिवा दिसत नाही म्हणून वीज नाही, असेही म्हणता येत नाही. कारण काही माउसांचा प्रकाश माणसाच्या डोळ्याला न दिसणारा असतो.

कळफलकाचा साक्षीदार याहून अधिक बोलका असतो. 'कॅप्स लॉक' ही कळ दाबली, म्हणजे तिचा लहान दिवा लागतो. हा दिवा कळफलक आपल्या मर्जीने लावतो, असे पाहणाराला वाटते. वस्तुतः तसे नसते. कळ दाबल्याचा निरोप लॅपटॉपकडे जातो; लॅपटॉप तो वाचतो आणि 'दिवा लाव' असा हुकूम कळफलकाला धाडतो. तेव्हाच दिवा लागतो. म्हणजे हा एक दिवा लागला, की निरोप जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही मार्ग मोकळे आहेत, हे कळते. दिवा लागतो पण लेखात अक्षर उमटत नाही, असे असेल, तर केबल आणि पोर्ट यांना त्रास देण्याचे कारण नाही. दोष एक तर त्या विशिष्ट कळांत, किंवा सेटिंग्जमध्ये, किंवा त्या वेळच्या प्रोग्रॅममध्ये आहे.

लॅपटॉपजवळ आणखी एक मोठी सोय आहे. ती म्हणजे त्याचा अंगचा कळफलक आणि टचपॅड. बाहेरचा माउस बंद पडला, तरी टचपॅडवर बोट फिरवून काम चालविता येते. शिवाय तुलनेसाठी हे साधन आयतेच मिळते. बाहेरच्या कळफलकावर अक्षर उमटत नाही, पण अंगच्या कळफलकावर उमटते, असे दिसले, तर लेखाचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. दोन्ही कळफलकांवर तीच तक्रार असेल, तर बाहेरच्या कळफलकाला दोष देणे म्हणजे गावात दुष्काळ पडला असता एकाच घरच्या चुलीला नावे ठेवण्यासारखे आहे. अशा वेळी लॅपटॉपच्या सेटिंग्जकडे पाहावे.

सेटिंग्जमुळे होणारे घोटाळे मोठे गमतीचे असतात, कारण त्यांत तुटलेले असे काहीच नसते. 'जे'ची कळ दाबावी आणि पडद्यावर 'र' उमटावा, हा त्यांतलाच एक प्रकार. कळफलकाने १३ हा आकडा बरोबर पाठविलेला असतो; परंतु लॅपटॉपवर त्या वेळी इंग्रजीऐवजी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची मांडणी चालू असते, आणि त्या मांडणीत ती जागा 'र' अक्षराची आहे. भारतीय मानक संस्थेने ही मांडणी १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ दाबून धरून लांब आडवी स्पेसची कळ दाबली, म्हणजे मांडणी बदलते. त्याचप्रमाणे उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे लिहीत नसतील, तर 'नम लॉक' बंद झालेले असण्याचा संभव असतो. ते एकदा दाबावे.

याहून फसवा प्रकार 'फिल्टर कीज'चा. ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये ही सोय केलेली आहे. ती चालू असता क्षणभर दाबलेली कळ मानली जात नाही; थोडा वेळ दाबून धरलेलीच कळ मानली जाते. उजवीकडची शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली, तर ही सोय सुरू करावयाची काय, असे लॅपटॉप विचारतो. प्रश्न न वाचताच कोणी होकार दिला, तर भराभर लिहिणाऱ्याला सगळा कळफलक मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी एखादी कळ दोन सेकंद दाबून धरावी. अक्षर उमटले, तर कोडे सुटले. ती सोय सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केली, म्हणजे झाले.

कधी कधी लॅपटॉप वीज वाचविण्यासाठी रिकामे बसलेले साधन झोपवितो, आणि पुढे ते जागे होत नाही. पिन काढून पाच-दहा सेकंदांनी पुन्हा लावली, म्हणजे ओळखपाळख नव्याने होते आणि बहुधा काम सुरू होते. तेवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. विंडोजमध्ये यासाठी 'शट डाउन'पेक्षा 'रीस्टार्ट' अधिक खात्रीचे असते. लवकर सुरू होता यावे म्हणून शट डाउनच्या वेळी प्रणाली आपल्या स्थितीचा काही भाग जपून ठेवते, आणि त्याबरोबर आधीचा घोळही जपला जाऊ शकतो. रीस्टार्ट मात्र पाटी कोरी करून आरंभ करतो. यानंतरही दोष राहिला, तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या साधनाची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करतात. त्यामुळे ड्रायव्हर नव्याने बसविला जातो.

माउसच्या काही तक्रारी मात्र त्याच्या पोटाखालीच असतात. बाण थरथरत असेल, किंवा अडखळत चालत असेल, तर प्रथम टेबल पाहावे. काचेच्या किंवा आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर कॅमेऱ्याला खुणा सापडत नाहीत, आणि दोन चित्रांतील फरक त्याला मोजता येत नाही. खाली एक साधा कागद ठेवला, तरी फरक कळतो. कॅमेऱ्याच्या खाचेत अडकलेला एखादा केसही बाणाला नाचवितो. तो फुंकर मारून किंवा कोरड्या मऊ फडक्याने काढावा. एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होत असेल, तर कदाचित आतील बटण झिजलेले असते. केबल मानेपाशी वाकवली असता माउस चालू-बंद होत असेल, तर तेथे तार तुटलेली असण्याचा फार संभव असतो. हे माउसचे खरे दोष होत. पण ते परीक्षेअंती ठरले पाहिजेत.

या सर्व शोधात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उतावीळ माणूस पोर्ट बदलतो, माउसही बदलतो आणि लॅपटॉपही पुन्हा सुरू करतो. काम चालू होते, पण कशाने चालू झाले, हे त्याला सांगता येत नाही; आणि आठवड्याने तोच बिघाड झाला, म्हणजे तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो. म्हणून एक बदल करावा, परिणाम पाहावा, तो वहीत टिपावा, आणि गुण आला नाही तर ती गोष्ट पूर्ववत करून पुढे जावे.

या नियमाचे मोल एका उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एका शाळेतील लॅपटॉपला दोनच पोर्टे आहेत. एका पोर्टात प्रिंटरची पिन आहे. दुसऱ्या पोर्टात हब आहे, आणि त्या हबला कळफलक, माउस व बाहेरची हार्ड डिस्क अशी तीन साधने जोडलेली आहेत. अलीकडे माउस मधूनच बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. सर्वांच्या मते माउस खराब झाला आहे. नवा माउस मागविण्यासाठी अर्जही लिहून तयार आहे.

परंतु एक विद्यार्थिनी आधी चाचणी घेण्याचे ठरविते. ती शेजारच्या संगणकाचा चांगला माउस येथे लावते. थोड्या वेळाने तोही बंद पडतो. येथेच जुना माउस आरोपातून सुटू लागतो. तो शेजारच्या संगणकावर लावला असता तासभर न अडखळता चालतो. आता तो पुरता सुटला. मग ती दोन्ही माउस आपापल्या जागी ठेवून बिघाड नेमका केव्हा होतो, याची टिपणे ठेवू लागते. तीन दिवसांच्या नोंदी एकच गोष्ट सांगतात: हार्ड डिस्कवर मोठी फाइल साठविताना माउस बंद पडतो. चौथ्या दिवशी ती शिक्षकांना विचारून फक्त हार्ड डिस्क काढून ठेवते. दिवसभर माउस एकदाही बंद पडत नाही.

मग हार्ड डिस्क खराब आहे काय? तीही नाही. लॅपटॉपचे साधे यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यास बांधलेले असते. हबला स्वतःची वेगळी वीज नसेल, तर तेवढ्याच विजेत त्याला सर्व साधनांचे भागवावे लागते. माउस व कळफलक यांची भूक थोडी असते. हार्ड डिस्कची मात्र मोठी. ती जोराने काम करू लागली, की इतरांच्या वाट्याला पुरेशी वीज उरत नाही. प्रिंटर तर भिंतीवरच्या प्लगमधून आपली वीज घेतो. त्याला पोर्टाच्या विजेची फारशी गरज नसते. तेव्हा शिक्षकांच्या संमतीने प्रिंटरची पिन हबात आणि हार्ड डिस्कची पिन थेट लॅपटॉपात अशी अदलाबदल केली जाते. तक्रार थांबते. एक रुपयाही खर्च होत नाही. प्रत्येक वस्तू चांगली होती. दोष होता तो त्यांच्या मांडणीत. अर्ज तसाच पाठविला असता, तर चांगला माउस गेला असता आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहिला असता.

शोध घेताना काही पथ्येही पाळावी लागतात. पिन जात नसेल तर ती जोराने कोंबू नये. उलटी करून पाहावी. पोर्टात टाचणी किंवा सुई घालू नये. कळफलकावर पाणी किंवा चहा सांडला, तर तत्काळ पिन काढून तो पालथा ठेवावा आणि पुरता वाळल्याशिवाय पुन्हा जोडू नये. लॅपटॉपवरच पाणी सांडले, तर तो ताबडतोब बंद करावा, चार्जर काढावा आणि मोठ्या माणसांना कळवावे. लॅपटॉप किंवा चार्जर उघडण्याचे धाडस मुलांनी करू नये. सेटिंग्जमध्ये आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींना हात लावू नये. ज्या बदलल्या, त्या आधी कशा होत्या, ते लिहून ठेवावे.

सर्व परीक्षा झाल्यानंतर साधन खरोखरच निकामी ठरले, तर ते बदलण्यात कमीपणा नाही. मात्र ते घरच्या केरात टाकू नये. त्यात तांबे, प्लास्टिक आणि डाख असतो. उकिरड्यावर जाळले असता त्यांतून विषारी धूर निघतो. भारत सरकारचे ई-कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा त्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यावा.

बिघाडाच्या शोधात कौशल्यापेक्षा सचोटी अधिक लागते. मनात आधी ठरलेला अपराधी बाजूला ठेवून पुराव्याकडे पाहावे लागते, आणि पुरावा आपल्या तर्काच्या विरुद्ध गेला, तर तर्क सोडून द्यावा लागतो. ज्या वर्गात 'काल यावर कोण बसले होते?' या प्रश्नाऐवजी 'हा दुसऱ्या पोर्टाला लावून पाहिला का?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो, त्या वर्गातील यंत्रे दीर्घकाळ टिकतात. आणि यंत्राजवळ बसण्यास तेथे कोणी मूल भीत नाही.